चिंतूबाबांची पट्टी

बोईसर
६ एप्रिल २०२४

स्नेहाताई,

नमस्कार. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र. दहावीच्या पेपरात मुख्याध्यापकांना लिहिलं होतं, ते धरलं तर दुसरं. तुला फोन लावावा तर तू कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. प्रदीप म्हणतो, ताई रविवारी टेकडीवर चढते तेव्हाच रेंज येते, आणि तेवढ्यात अर्धा पाडा तिच्या फोनवरून आपापल्या पोरांशी बोलून घेतो. म्हणून शेवटी पेन शोधलं.

प्रदीपचं लग्न पाच मेला. डीजे अर्थातच मी आणि मनीष. पण प्रदीपच्या डोक्यात एक गोष्ट आलीय, आणि तुला नि तुमच्या आईंना विचारल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत मी तुमच्या अंगणात चिंतूबाबांचा तारपा रेकॉर्ड केला होता, आठवतं? अकरा मिनिटं. मागच्या भाद्रपदात बाबा गेले. आता त्यांच्या तारप्याचा तेवढाच आवाज उरलाय, आणि तो माझ्या कम्प्युटरमध्ये आहे. परवा कंपनीतून सुटून प्रदीप आला आणि म्हणाला, "बा माझ्या लग्नात वाजवनार व्हता. तर वाजवू दे त्याला." हळदीच्या गाण्यात तारपा मिसळायचा, असं त्याच्या मनात आहे.

यावरून माझं नि मनीषचं भांडण जुंपलंय. मनीषचं म्हणणं, दोन गाणी जोडताना ठेका जुळला की काम झालं. नाचणारा पायानं ऐकतो, कानानं नाही. मी म्हणतो, पट्टीही जुळली पाहिजे. पप्पा कॉलनीच्या भजनात गातात ना, तिथे एकानं काळी दोनमध्ये सुरू केलं आणि दुसऱ्यानं पांढरी चारमध्ये उचललं, तर टाळवालासुद्धा मान वर करून बघतो. आता सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यापुढे पट्टीचा नंबर लिहून देतं. शेजारचे नंबर एकमेकांत छान मिसळतात. नाहीच जमलं तर बटण दाबून गाणं वर-खाली सरकवायचं. घिवलीच्या एका हळदीत मनीषनं नंबर न बघताच गाणं घुसवलं. बायका नाचत राहिल्या, पण नवरीची आजी मला हळूच विचारते, "कुनी रडतंय का रं आत?" तेव्हापासून मी नंबर बघितल्याशिवाय काही लावत नाही.

आईंना विचारून कळव.

तुझा,
भाग्येश


आश्रमशाळा, ता. विक्रमगड
१६ एप्रिल २०२४

चि. भाग्येश,

पत्र पोचलं. अक्षर प्रदीपपेक्षा बरं आहे, एवढं कौतुक पुरे.

आईला वाचून दाखवलं. ती चुलीतली लाकडं पुढे सारत होती. मग म्हणाली, "तारपा नव्या भाताचा. लग्नाचा नाय. पन पोराचं मन हाय, तर एक डाव वाजवा." तिची अट एकच. तारपा वाजत असेपर्यंत कोणी त्याला पाठ दाखवायची नाही. आमच्या नाचात तसंच असतं. साखळी कशीही वळली तरी तारपा सगळ्यांच्या समोर राहतो. तुझा तारपा स्पीकरच्या पेट्यांतून वाजणार, तेव्हा समोर म्हणजे कुठे, ते तूच ठरव.

तुला एक सांगून ठेवते. बाबा दर दोन-तीन वर्षांनी नवा तारपा करायचे. भोपळा वाळवायचा, बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, सांध्यांना मेण. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे एक तारपा दुसऱ्यासारखा बोलत नाही. आई खाली ओढ्यावर भांडी घासत असली तरी नुसतं ऐकून सांगायची, आज वर कोण वाजवतोय. बाबांचा शेवटचा तारपा त्यांच्याबरोबरच गेला. घरात आता एकही नाही.

पट्टीबिट्टी मला कळत नाही. मी विज्ञान शिकवते, तेही सातवीपर्यंतचं. पण एक शंका आहे. तुमचं गाणं आणि बाबा एकत्र वाजणार, आणि दोघांचं जुळत नसणार. मग सरकायचं कोणी? गाण्यानं की बाबांनी?

आशीर्वाद,
स्नेहा


बोईसर
९ मे २०२४

स्नेहाताई,

लग्न कसं झालं ते तू पाहिलंसच, तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळे स्पीकर मी मांडवाच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभे केले, कारण आईंची अट. चारी बाजूंनी माणसं तोंड करून नाचली. एकाचीही पाठ नाही! मनीष आधी मला येडा म्हणाला, नंतर त्यानंच फोटो काढले.

आणि तारपा! हळदीचं गाणं उतरता उतरता खालून बाबा आले. कुठे सांधा दिसला? प्रदीपच्या कंपनीतली पोरं येऊन मला उचलायला लागली, "भाई, क्या मिक्स मारा है!" प्रतीक्षावहिनीच्या माहेरची म्हातारी माणसं उठून साखळीत आली. मनीष कान पकडून म्हणाला, पट्टी लागते बाबा, मान्य. तू पत्रात जे विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायला वेळच झाला नाही. आता वाटतं, मांडवानंच ते देऊन टाकलं.

आई मधेच उठल्या. हळदीचे हात तसेच. स्पीकरजवळ आल्या, त्याच्या जाळीवर पंजा ठेवला, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग मांडवाबाहेर गेल्या. मी बघत होतो, डोळ्यांत पाणी होतं. ताई, शिरगाव काय, पालघर काय, शंभर लग्नं वाजवली असतील मी. असं बक्षीस कोणी दिलं नाही.

आईंना माझा नमस्कार सांग.

भाग्येश


खरवडपाडा
२८ मे २०२४

चि. भाग्येश,

शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे घरून लिहिते आहे. तू कौतुकात आहेस, तुझा विरस करायला जीव होत नाही, पण लिहायला हवं.

आई रडत नव्हती. डोळ्यात हळद गेली होती. मांडवाबाहेर जाऊन तिनं मला हाक मारली आणि विचारलं, "कोन वाजवतो हाय?" मी म्हटलं, बाबा. ती म्हणाली, "बोटं त्याची हायत. दम दुसऱ्याचा हाय."

मला वाटलं, दमली असेल, लग्नाचं घर आहे. पण आज तेवीस दिवस झाले. ती म्हणते, तो निघाला होता, पोचतही होता, वाटेत कोणीतरी त्याच्या गळ्यात परका गळा घातला. आता त्याला घरचं कोणी ओळखणार नाही आणि तोही घर ओळखणार नाही. दिवस मावळायला ती बांधावर एक भाकर ठेवते आणि वाटेकडे बघत बसते. मग उठते आणि वाटेला पाठ न दाखवता घरात येते. म्हणजे उलट्या पावलांनी. अंगण, पायरी, उंबरा, सगळं उलटं. पाड्यातली पोरं तिला बघून पळतात. शेजारची झुंबर परवा मला म्हणाली, भगताला बोलावून घे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण रोज आपली आई मागे मागे चालत घरात येताना बघायची म्हणजे काय, ते मी तुला सांगू शकत नाही. मला भीती वाटते. तिची नाही, ती बघते त्या वाटेची.

तू गाण्यासाठी काही केलं असशील, ते केलं असशील. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. बाबांची ती अकरा मिनिटं जशी होती तशी कार्डावर घालून पाकिटातून पाठव. तिला एकदा खरा आवाज ऐकवते, म्हणजे ती शांत होईल.

स्नेहा


आश्रमशाळा
२० जून २०२४

भाग्येश,

तीन आठवडे झाले. शाळा सुरू झाली. पोस्टमनला रोज विचारते, आता तोच मला बघून लांबूनच मान हलवतो. प्रदीपला विचारलं तर म्हणतो, तू त्यालाही भेटत नाहीस. पाकीट हरवलं असेल तर तसं लिही.

स्नेहा


बोईसर
१ जुलै २०२४

स्नेहाताई,

पाकीट हरवलेलं नाही. मी पाठवलंच नव्हतं. पाठवायला काही नाही.

तू विचारलं होतंस, सरकायचं कोणी. मी बाबांना सरकवलं. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं, ते हललं तर लगेच कळतं. तारपा कोणाच्या लक्षात येणार, असं वाटलं. सॉफ्टवेअरनं तारप्याला एक नंबर दिला, तो चुकीचाच होता, कारण तुमचा तारपा पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतो. मग मी कानानं सरकवत गेलो. थोडा खाली, थोडा अजून, जरा वर. दोन दिवस तेच. जुळला तेव्हा इतका आनंद झाला की त्याच नावावर सेव्ह करून टाकलं. ‘चिंतूबाबा’. जुन्यावर नवं. रेकॉर्डरचं कार्ड तर कधीच पुसलं होतं, शिरगावची ऑर्डर होती.

किती सरकवलं ते कुठे लिहून ठेवलं नाही. गाणं असतं तर परत मूळ पट्टीशी ताडून बघितलं असतं. तारप्याला ताडायचं कशाशी? रेकॉर्डिंगमध्ये तुमचा कुत्रा दोनदा भुंकलाय. मी आठवडाभर त्या भुंकण्यावरून हिशोब लावत होतो. हसू नकोस. आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना भुंकवून पाहिलं.

पप्पांना सांगितलं. ते भजनात इतकी वर्षं लोकांना ‘पट्टी धर, पट्टी धर’ म्हणतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाणाऱ्याची पट्टी विचारून पेटी लावतात रे. पेटीची पट्टी गाणाऱ्याला लावत नाहीत." मग जेवायला बसले. मला ताट वाढलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

ताई, मी दुपारी कुठलंही गाणं लावतो आणि त्याच्या खाली तो तारपा ऐकू येतो. माझ्यावालाच, सरकवलेला. मनीषला ऐकू येत नाही. बाबांना मीच कुठेतरी मधे लटकवून ठेवलंय, असं वाटतं, आणि मला त्याची लाज वाटते.

एक उपाय आहे. मी कम्प्युटर घेऊन येतो. थोडं थोडं सरकवून बाबांचे वेगवेगळे आवाज करून आणतो. आई ओळखतील. जगात तेवढा एकच कान आहे. त्या जिथे ‘हा’ म्हणतील तिथे थांबायचं. एकवीस तारखेच्या रविवारी येऊ का? नको म्हणालीस तरी समजू शकतो.

भाग्येश


बोईसर
३० जुलै २०२४

स्नेहाताई,

घरी पोचलो आणि आडवा झालो तो दुसऱ्या दिवशी दहाला उठलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा असा झोपलो.

ते अंगण डोळ्यांसमोरून जात नाही. आई भातलावणीवरून आल्या, पोटऱ्यांना चिखल, तशाच ओट्यावर बसल्या. मी पहिला लावला. "नाय." दुसरा. "नाय." तिसऱ्याला म्हणाल्या, "हा तर पोरगा हाय कुनाचा." पाचव्याला कुत्रा भुंकला तेव्हा हसल्या, "आपला काल्या असा नाय बोलत." सातव्याला तू भाकऱ्या थापायची थांबलीस. आठ, नऊ, दहा. अकराव्याला त्यांनी डोळे मिटले, पण म्हणाल्या, "नाय." आणि मग बारावा. थोडा वेळ ऐकून माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडेच बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हा. हाच तो. झालं. जेव आता."

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या का तीन? तुमच्या घरातलं ते वाटाण्याचं कालवण मी जन्मभर विसरणार नाही.

बारावा आवाज आता तीन ठिकाणी जपून ठेवलाय. एक कार्ड सोबत पाठवतो. गणपतीला कॉलनीच्या मंडळात तो लावणार आहे, आणि यावेळी गाणं सरकवणार, बाबांना नाही. ते गाणं फाटलं तरी चालेल. मनीषला सांगून टाकलंय, पट्टी जुळवायलाच हवी, पण कोणाची पट्टी कोणाला, ते आधी विचारायचं. नंतर तो इंटरनेटवरही टाकीन म्हणतो, बाबांचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव घालून. म्हणजे चिंतूबाबांचा तारपा कायम राहील. प्रदीप खूश आहे. तुझी आणि आईंची परवानगी हवी.

आई आता सरळ चालत घरात येतात ना?

भाग्येश


खरवडपाडा
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय भाग्येश,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. तू आधी लपवलंस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. नंतरचा महिना मी लपवलं. तेव्हा फिटंफाट.

बारावा बाबांचा नाही.

तू वळणापलीकडे गेलास आणि आईनं हात धुतले. मी आनंदात होते, तिला म्हटलं, सापडले ना बाबा? ती म्हणाली, "कुटं? सकाळपासून पोरगा उपाशी व्हता. वठ सुकलं व्हतं त्याचं. हा म्हनल्याबिगर जेवला नसता तो." मी म्हटलं, मग त्या बारांतला एकही नाही? तर म्हणाली, "बारा परकी मानसं अंगनात येऊन गेली. बोटं समद्यांची त्याचीच." तिनं मला शपथ घातली, पोराला सांगू नको, त्याचं जेवण नासेल. म्हणून मी गप्प बसले. पण आता तू त्या बाराव्यावर बाबांचं नाव घालून जगाला वाटायला निघालास, तेव्हा शपथ मोडते.

नाव घालू नकोस. तुझ्या गाण्यात हवा तर घे, ‘तारपा’ म्हणून घे, चिंतू म्हणून नको. उद्या प्रदीपची पोरं तोच आजोबा समजतील, आणि ती चूक दुरुस्त करणारा कान तोवर राहिलेला नसेल.

तू विचारलंस, ती सरळ चालते का. नाही. अजून उलटीच येते. फक्त भाकर आता मोठी थापते, तेवढी माणसं वाढली म्हणून. मी तिला अडवायचं सोडून दिलं. कधी कधी मागे उंबऱ्यात हात धरायला उभी राहते, ठेच लागू नये म्हणून.

मला फार वाईट वाटतं, भाग्येश. तुझा राग गेला, पण वाईट वाटायचं जात नाही. शेवटचा तारपा चितेवर ठेवला तेव्हा मी मनात म्हटलं होतं, असू दे, भाग्येशकडे आहे.

आता परवाची गोष्ट. बेणणीसाठी मी शाळेतून रजा काढली आहे. आम्ही दोघी वरकस जमिनीत, उतारावर, नागली बेणत होतो, म्हणजे तण काढत होतो. आई माझ्या पुढच्या ओळीत. आणि ती गुणगुणायला लागली. तोंड मिटून, नाकातून, श्वास न तोडता, तारपा वाजवणारे करतात तसं. गाणं नव्हतं ते. बाबा नाच सुरू व्हायच्या आधी नुसता दम भरून तारपा जागा करायचे, तो सूर. एवढा वेळ तो तिच्यापाशीच होता, आणि आपण तिला बारा परके ऐकवत बसलो. मी हळूच विचारलं, "आई, हाच का?" तिनं मान वर न करता म्हटलं, "हा."

फोन माझ्या कमरेला होता. मी काढला नाही. काढला असता तर अकरा मिनिटं नाही तरी एखादं मिनिट मिळालं असतं, हे मला कळतं, आणि तू ओरडशील हेही कळतं. पण तिच्या नवऱ्याचा श्वास तिच्या नाकातून चाललेला असताना मला कमरेकडे हात नेता आला नाही.

पुन्हा ती कधी गुणगुणेल, सांगता येत नाही. सांगून तर मुळीच करणार नाही. तेव्हा तूच ये. कम्प्युटर आणू नकोस, रेकॉर्डरही नको. नागलीची बेणणी अजून आठवडाभर चालेल, खुरपं मी देते. तिच्या शेजारची ओळ तुझी. एक दिवस काहीच ऐकू येणार नाही, दोन दिवसही येणार नाही. राहायच्या तयारीनं ये.

तुझी,
स्नेहाताई